गदा कुणाची, मोठेपण कुणाचे?

आमच्या वस्तीतील विहाराच्या ओट्यावर मार्च महिन्यात जयंतीच्या तयारीची बैठक झाली. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, पोलीस परवानगी, भोजनदान हे विषय नेहमीप्रमाणे तासाभरात उरकले. गुणवंतांच्या सत्काराचा विषय निघाला आणि बैठक रात्री साडेअकरापर्यंत लांबली. गेल्या वर्षी सत्काराची यादी इतकी वाढली होती की, प्रमुख वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा समोर फक्त मंडपवाला आणि चार म्हातारी माणसे उरली होती. म्हणून यंदा कमिटीने नियमच केला. क्रीडा क्षेत्रात ज्याने प्रथम क्रमांक मिळविला, त्याचाच सत्कार. दुसरा-तिसरा नाही, सहभागी तर नाहीच नाही.

नियम वाचून दाखविला गेला आणि माझ्या लक्षात आले की, या नियमाने आमच्याच वस्तीतील एक मुलगी यादीबाहेर गेली. ही मुलगी बास्केटबॉल खेळते. वडील पिरंगुटच्या औद्योगिक भागात कंत्राटी कामगार आहेत, आई लोकांची धुणीभांडी करते. तालुका झाला, जिल्हा झाला, विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत तिचा संघ पोहोचला आणि तिथे दोन गुणांनी हरला. राज्य स्पर्धेला दुसरा संघ गेला. तिच्या संघाचे निम्म्याहून जास्त गुण त्या दिवशी तिचे एकटीचे होते. पण संघ हरला तो हरलाच.

मी तिचे नाव सुचविले. आमचे सचिव मोठे सडेतोड गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "वकीलसाहेब, हरलेल्यांचे सत्कार सुरू केले तर उद्या सगळ्या वस्तीला शाली वाटाव्या लागतील." सगळे हसले. खोटे कशाला सांगू, मीही हसलो.

पायरीवर दोन पोरे मोबाईलवर अमेरिकेतील बास्केटबॉल पाहत बसली होती. हल्ली हिंजवडीपासून बावधन-सूसपर्यंत आमच्या तालुक्यात ज्या मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या आत बास्केटबॉलची मैदाने आहेत. कुंपणाच्या जाळीतून बघूनबघून आमच्या पोरांनाही या खेळाचे वेड लागले आहे. त्यांचा वाद चालला होता मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स मोठा. एकाचे म्हणणे, जॉर्डनच्या सहा रिंग, लेब्रॉनच्या चार, विषय संपला! तिकडे व्यावसायिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघातील खेळाडूंना अंगठी देतात, आणि त्या अंगठ्या मोजून माणसाची उंची ठरविण्याची तिकडे रीतच पडली आहे. बैठकीतले बोलणे त्या पोरांच्याही कानावर होते. त्यातला एक मान वर करून मला म्हणाला, "काका, तिच्याकडं रिंग नाय ना, मग कसला सत्कार?"

त्या पोराचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या सचिवांचा नियम आणि अमेरिकेतील अंगठ्यांचा हिशेब ही एकच गोष्ट आहे. ती तपासून पाहिली पाहिजे असे मला वाटले. हा विषय केवळ खेळाचा असता तर मी या स्तंभाची जागा अडविली नसती.

आधी अंगठ्यांचाच हिशेब घेऊ, कारण तो लवकर संपतो. रॉबर्ट हॉरी नावाच्या खेळाडूकडे सात अंगठ्या आहेत. जॉर्डनपेक्षा एक जास्त! तरीही हॉरी जॉर्डनपेक्षा मोठा असे अमेरिकेत कोणी म्हणत नाही. हॉरी उपयोगी खेळाडू होता, योग्य वेळी योग्य संघात होता. म्हणजे अंगठ्या मोजणारेसुद्धा अंगठ्या सोयीप्रमाणेच मोजतात. आता उलटे उदाहरण पाहा. एल्जिन बेलर या कृष्णवर्णीय खेळाडूचा संघ आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि आठही वेळा हरला. १९७१ साली गुडघ्याने साथ सोडली म्हणून हंगाम सुरू होताच तो निवृत्त झाला, आणि नेमका त्याच हंगामात त्याचा संघ अजिंक्य ठरला. पण या बेलरने १९५९ च्या जानेवारीत जे केले ते कोणत्याही अंगठीत मावणारे नाही. पश्चिम व्हर्जिनियातील चार्ल्सटन शहरात संघाच्या हॉटेलने काळ्या खेळाडूंना खोल्या नाकारल्या. बेलरने त्या रात्री खेळायचेच नाकारले. त्या वेळी तो पंचविशीतही नव्हता. तो सामना त्याचा संघ हरला. हार नोंदली गेली. नकार कुठल्या रकान्यात नोंदवायचा?

आता आपल्या मातीत येऊ. मुळशी तालुका हा पैलवानांचा तालुका आहे. ज्या मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्रातील कुस्तीला संघटनेचे रूप दिले, ते याच तालुक्यातले. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' हा किताब दिला जातो आणि त्याच्या चांदीच्या गदेचे वेड इथल्या घराघरात आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने ही गदा जिंकली तेव्हा आमच्या तालुक्यात गुलाल उधळला गेला, आणि तो आमच्याही अंगावर पडला. त्या मैदानात काय झाले तेही सर्वांनी पाहिले. उपांत्य कुस्तीत खांदे टेकले की नाही यावर वाद झाला, हरलेल्या पैलवानाने पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीतील प्रतिस्पर्धीही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला आणि पुढे दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, याचा निवाडा मी येथे करीत नाही. पंचाला लाथ मारणे हे तर कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. मला दिसते ते इतकेच की, एका पंचाच्या डोळ्याला एका क्षणी काय दिसले यावर एक पैलवान आयुष्यभर 'केसरी' होतो आणि दुसरा आयुष्यभर 'तो वादवाला'. मोजपट्टी इतकी अरुंद असते.

आणि हा झाला आखाड्यात उतरलेल्यांचा वाद. जे उतरूच शकले नाहीत त्यांचे काय? माझ्या लहानपणी जत्रेत कुस्त्या लागायच्या. माझे आजोबा सांगायचे की, त्यांच्या उमेदीत आखाड्याच्या कडेला हलगी वाजविणारे हात आमचे आणि आमच्या मातंग बांधवांचे असत, आणि त्या हलगीवर शड्डू ठोकणारे दुसरे असत. अंगाला अंग भिडवायचा खेळ तो! ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याशी झोंबायचे कोणी? आजोबांच्या पिढीत महाराष्ट्रात किती केसरी हलगी वाजवीत म्हातारे झाले, याची यादी कोणत्या कुस्तीगीर परिषदेकडे असणार?

ज्याला उतरू दिले, पण पुढे येऊ दिले नाही, अशा माणसाचा पुरावा मात्र आपल्याकडे पक्का आहे. त्याचे नाव पालवणकर बाळू.

चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात चाकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. पोरवयातच बाळू आधी पारशांच्या क्लबात आणि मग इंग्रजांच्या पूना क्लबात नोकरीला लागले. काम काय, तर खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची, झाडलोट करायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्या काळी गाजलेला होता. तो सकाळी लवकर येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळू तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकत. पण त्या क्लबात बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे मजुरीचे काम, फलंदाजी साहेबाची!

पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवा तर होता, पण त्याची जात नको होती. खूप खल झाला आणि इंग्रजांना हरवायचे आहे म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. ज्या देशावर इंग्रजाचे राज्य, त्या देशात एका 'अस्पृश्या'च्या डाव्या हाताने साहेबाचे खांब पाडले. देशभर जल्लोष झाला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. दौऱ्याचा निकाल पाहाल तर तो फसलेलाच दिसेल. पण त्याच फसलेल्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीला आले होते आणि खांदा दुखत होता. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येक बळीमागे सुमारे १५ धावा, ही त्यांची एकूण नोंद आहे. बाळूंना अजिंक्यपदाने मोजायचे तर इंग्लंडचा दौरा शून्य. बळींनी मोजायचे तर त्या संघात त्यांच्या जवळपास कोणी नव्हते.

आता खरा मुद्दा. दहा-बारा वर्षे हिंदू संघाचा सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू होते, आणि दरवर्षी कर्णधार निवडण्याची वेळ आली की दुसरेच नाव निघे. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले की, हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पै सारस्वत ब्राह्मण होते. त्यांच्या प्रांजळपणाला मी मनापासून दाद देतो. पण निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे दिले. तेव्हा बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण काय ते जाहीर निवेदनात लिहिले. ऐन फॉर्मात असलेल्या दोन खेळाडूंनी भावाच्या आणि समाजाच्या मानासाठी स्पर्धेवर पाणी सोडले! गवगवा झाला. मग बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले गेले, आणि सामना चालू असताना पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ पालवणकर बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या खेळाचे फळ एवढेच.

देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या नावाचा करंडक आहे. त्यांचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण कोणी मला विचारले की, बाळूंनी कर्णधार म्हणून किती स्पर्धा जिंकल्या, तर वकील म्हणून मी त्या प्रश्नालाच हरकत घेईन. ज्याला दस्तऐवजावर सही करू दिली नाही, त्याला 'तुझी सही कुठे आहे' असे विचारता येत नाही.

बाळूंचे नाव आपल्या चळवळीतही फारसे घेतले जात नाही, आणि त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान होता. पुढे रस्ते वेगळे झाले. १९३२ मध्ये बाळू एम. सी. राजांच्या बाजूने, स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. काँग्रेसने एका अस्पृश्याच्या कीर्तीचा दुसऱ्या अस्पृश्याविरुद्ध वापर केला, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि बाळूंनी तो वापर होऊ दिला ही त्यांची चूक. पण म्हणून १९११ चे बळी पुसले जात नाहीत. आपण जर बाळूंना केवळ '१९३७ चे पराभूत उमेदवार' म्हणून खाली ठेवले, तर निवड समितीने जे केले तेच आपण दुसऱ्या कारणाने करतो आहोत.

निवडणुकीचे निघालेच आहे म्हणून सांगतो. जिंकणे हीच मोठेपणाची कसोटी मानायची असेल तर तिचे टोक कुठे जाते ते पाहा. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४ हजारांहून अधिक मतांनी हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला, पाच वर्षे चालला, दरवाजा उघडला नाही. आमच्या सचिवांचा नियम लावला तर १९५२ चा सत्कार काजरोळकरांचा व्हायला हवा! असे मी त्या रात्री बैठकीत म्हणालो तेव्हा ओटा एकदम शांत झाला. मुळशीकरांना तर हे वेगळे सांगायलाच नको. १९२१ पासून आमच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध जो सत्याग्रह केला तो अयशस्वी झाला. धरण झाले. गावे पाण्याखाली गेली. तरी तालुक्याचे नाव देशाला माहीत झाले ते त्या हरलेल्या लढ्यामुळे.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धीच बाजू मांडली असे होईल. सचिव गप्प बसणारे नव्हते. ते म्हणाले, "साहेब, मोठेपण मोठेपण करता, पण नोकरी मोठेपणावर मिळते का सर्टिफिकेटवर?" आणि इथे ते शंभर टक्के बरोबर होते. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि ते पहिल्या तीन क्रमांकांच्या प्रमाणपत्रावर मिळते. विभागीय सामन्यात दोन गुणांनी हरलेल्या मुलीला राज्य स्पर्धेत खेळताच येत नाही, आणि राज्यात खेळली नाही तर पुढचे सगळे दरवाजे बंद. ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, ओळख आहे, त्याला किताब हा मिरविण्याचा दागिना. आमच्या पोरांना तो रेशनकार्डासारखा लागतो. म्हणूनच त्या किताबांची चोरी होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्रात गाजली आहेत. जी मुले खरोखर मैदानात घाम गाळतात, त्यांच्या तोंडचा घास कागद विकत घेणाऱ्यांनी पळविला.

तेव्हा किताबाला तुच्छ मानणे हीसुद्धा पोट भरलेल्यांची चैन आहे. 'खेळात हारजीत महत्त्वाची नाही' असे बक्षीस समारंभात कोण सांगतो ते नीट पाहावे. तो सहसा हरलेला नसतो. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. तेव्हा लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. खांद्यावर घेणाऱ्यांत सवर्णही होते. त्या विजेतेपदाने जे झाले ते बाळूंच्या शंभर बळींनी झाले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. विठ्ठलनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले, हे आपल्यावर उपकार.

अमेरिकेतील काळ्या समाजाचाही हाच अनुभव आहे. त्यांच्या लढ्याशी आपले नाते बाबासाहेबांनी १९४६ मध्येच डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून जोडले होते. इंडियाना राज्यात क्रिस्पस अटक्स नावाची फक्त काळ्या मुलांची शाळा होती. १९५५ मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या मुलाच्या खेळावर त्या शाळेने राज्याचे बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकले. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मधल्या चौकात जल्लोषात थांबायची ही तिथली प्रथा. या मुलांना चौकातून नुसती फेरी मारून काळ्यांच्या वस्तीतील बागेत पाठवून दिले. अजिंक्यपद होते, चौक नव्हता! रॉबर्टसनला ते कधी विसरता आले नाही. पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याला १९७१ साली एक अंगठी मिळाली, एकच. मात्र त्याच्या आदल्या वर्षी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने संघमालकांविरुद्ध न्यायालयात दावा लावला होता. खेळाडू जन्मभर एकाच मालकाला बांधलेला असावा ही पद्धत त्या दाव्याने मोडली. तडजोड व्हायला १९७६ साल उजाडले, तेव्हा रॉबर्टसन निवृत्त झाला होता. आज जे खेळाडू संघ बदलून अंगठ्या गोळा करतात, ते या माणसाच्या वकिलांचे अशील आहेत. माझ्या व्यवसायामुळे असेल, पण मला जॉर्डनच्या सहांपेक्षा रॉबर्टसनची ती एक फिर्याद जड वाटते.

आमच्या मुलांना खाशाबा जाधवही सांगितले पाहिजेत. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरला. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक त्याने आणले, कांस्य. लागोपाठच्या दोन कुस्त्यांमध्ये जी विश्रांती नियमाने मिळायला हवी होती ती त्याला मिळाली नाही, आणि त्याच्या वतीने हरकत घ्यायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. वकील नसलेला अशील जसा उभा असतो तसे खाशाबा मॅटवर उभे राहिले आणि हरले. सुवर्ण नाही म्हणून आपण त्यांना किती वर्षे विसरलो! १९८४ ला अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

तर माझी भूमिका अशी. किताब हा पुराव्याचा एक कागद आहे. तो दाखल करून घ्यावा, त्यावर निशाणी टाकावी, त्याचे जेवढे वजन आहे तेवढे द्यावे. पण तोच कागद म्हणजे निकालपत्र नव्हे. खेळाडूबरोबर संघ कोण होता, मैदान कुणाचे होते, पंच कोण होता, सरावाला किती तास मिळाले, ही साक्षही नोंदवावी लागते. ज्या मुलीचा संघ विभागात हरला, त्या संघात पाच जणींपैकी तीन जणींनी बूट उसने आणले होते. जिंकलेल्या संघाला रोज संध्याकाळी दिव्याखाली सिमेंटचे मैदान होते. या गोष्टी गुणफलकावर येत नाहीत म्हणून त्या घडल्याच नाहीत असे नाही.

मी ठराव मांडला की, 'प्रथम क्रमांक' हे शब्द काढून 'खेळात उल्लेखनीय कामगिरी' असे शब्द घालावेत. चर्चा झाली. हात वर झाले. माझा ठराव पडला. लोकांचे म्हणणे असे की, 'उल्लेखनीय' कोण ठरवणार? कमिटीवाल्यांच्याच घरातली पोरे उल्लेखनीय निघतील. पहिला क्रमांक निदान कोणाला बदलता येत नाही. हा आक्षेप हलका नाही. पालवणकर बाळूंना ज्या निवड समितीने डावलले, तीही आपल्या मर्जीनेच 'योग्य' कोण ते ठरवीत होती. मी निरुत्तर झालो, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो. सत्कार होणार नाही हे तिला पोरांकडून कळले होतेच. मी समजुतीचे चार शब्द बोलू लागलो तर ती म्हणाली, "काका, शाल नको. शाळेच्या मैदानातल्या खांबावर दिवा लावून द्या. शिकवणीवरून यायला सात वाजतात, मग रिंग दिसत नाही." जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात एक लोखंडी रिंग आहे, जाळी नसलेली. ती तिथे सराव करते. अंधार पडला की फाटकाला कुलूप लागते.

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. विषय, शाळेच्या मैदानावर दोन दिवे बसविणे व रात्री नऊपर्यंत फाटक उघडे ठेवणे. १ मे च्या ग्रामसभेत तो ठेवायचा आहे. खाली वस्तीतल्या एकसष्ट जणांच्या सह्या झाल्या आहेत, आणि त्यात पहिली सही आमच्या सचिवांची आहे.